विहीणबाईंची गार बादली

आखातातल्या आमच्या अल मजाजच्या फ्लॅटमध्ये उन्हाळा आला की नळ कामं बदलून घेतात. निळ्या खुणेच्या नळाला थेट गच्चीवरच्या टाकीचं पाणी, म्हणजे कढतच. म्हणून मेपासून आम्ही गीझर बंद ठेवतो. त्याच्या पोटातलं पाणी घरातल्या एसीने निवतं आणि लाल खुणेच्या नळातून बऱ्यापैकी गार येतं. हे समजायला मला दोनदा पाय पोळून घ्यावे लागले.

तर गेल्या जुलैत पुण्याहून विहीणबाई आल्या. सुनेच्या आई, पहिल्यांदाच. पाहुणचारात कमी नको म्हणून मी सकाळी सगळ्यांत आधी काय केलं? गीझरचं बटण दाबलं! पाहुण्यांना अंघोळीला गरम पाणी द्यायचं हे हाताला पाठ. डोक्याला विचारतंय कोण.

मुलगा-सून देऱ्याला ऑफिसला गेले आणि बाथरूममधून हाक आली, "अहो विहीणबाई, दोन्ही नळ गरमच!"

गीझरचा लाल दिवा पाहिला आणि माझी चूक लक्षात आली. विहीणबाई अंघोळ करून देवाला नमस्कार केल्याशिवाय चहा घेत नाहीत. आणि पाहुण्यांआधी मी कसा घेणार? म्हणजे दोघींचाही चहा अडकला.

"बंद करा की तो. निवेल," त्या म्हणाल्या.

"निवेल, पण संध्याकाळी. ऊब धरून ठेवायला आतून जाड अस्तर असतं त्याला."

बर्फ आदल्या दिवशीच पन्ह्यात संपलेला. शेवटी भरलेली बादली ओढत हॉलमध्ये आणली, एसीच्या झोताखाली ठेवली आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट चोविसावरून सोळावर नेला.

नातीला सुट्टी होती. फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आजी, सिक्स्टीन केलंस म्हणून फास्ट नाही होणार. इट जस्ट वोंट स्टॉप."

"मग नको थांबू दे! यल्ला, चालू दे!"

पेशंटच्या उशाशी बसावं तशा आम्ही दोघी बादलीच्या दोन बाजूंना बसलो. मी मधूनमधून पाण्यात बोट घालायची.

"ताप उतरला का हो?" विहीणबाई विचारायच्या.

"थोडी कणकण आहे अजून."

एसी काही थांबेना. विहीणबाईंनी आधी टॉवेल पांघरला, मग माझी शाल, मग नातीचं टोपीवालं जॅकेट. "आणि मी वाळवंटात चाललेय म्हणून शेजारणीला स्वेटर देऊन आले!" टोपीच्या आतून आवाज आला.

तीन तासांनी पाणी निवलं. मी विजयाने उठले. "चला विहीणबाई, पाणी तयार! मी आधण ठेवते."

त्यांनी बोट बुडवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "छे हो! एवढ्या गार पाण्याने? हुडहुडी भरलीय मला. आता गरमच बरं." आणि सरळ आत जाऊन कढत पाण्याने पाच मिनिटांत अंघोळ उरकून आल्या. एवढी निववलेली बादली मी लादी पुसायला घेतली.

साडेअकराला, एकदाचा, चहा झाला. कप हॉलमध्ये आणले, विहीणबाईंनी देवाला सावकाश नमस्कार केला, आम्ही पहिला घोट घेतला आणि एकमेकींकडे बघितलं. सोळावरच्या एसीत चहा गार झाला होता.

मी उठायला लागले तर त्यांनी हात धरून बसवलं. "चहा मी गरम करते. तुम्ही कशाच्याही बटणाला हात लावू नका."