शेडमधलं पळतं गाणं

मी अक्षरं पत्रकांवर शिकले. मस्तगड वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत पुस्तकं मोजकी आणि पत्रकं पोत्यानं. वडील चळवळीतले. मोर्चा असो, धरणं असो, पाण्यासाठी पालिकेच्या दारात बसायचं असो, आधी पत्रक निघायचं, मग सभा व्हायची. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बेरजा केल्या. ‘आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे’ हे वाक्य मला बडबडगीतांच्या आधी पाठ होतं. आता मी छपाईच्या दुकानात डीटीपी करते आणि जमेल तेव्हा लिहिते. लिहिताना अजूनही हात आपोआप मुद्दे घालायला लागतो.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतली पोरं रॅप करायला लागली. आवाज खणखणीत, यमकं चोख, आणि विषय काय? नसलेली गाडी, नसलेली सोनसाखळी, नसलेले दुश्मन. माझं डोकं फिरायचं. ज्या शहरात नळ कधी येईल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, जिथं लोखंडाच्या भट्ट्यांची काजळी दोरीवरच्या कपड्यांवर बसते, तिथल्या पोरानं हातात माईक आल्यावर स्वतःच्या गॉगलचं कौतुक करावं? म्हणून मी एक टिपण लिहिलं. शीर्षक, ‘हिपहॉपने काय बोलावे’. मुद्दे अकरा. जात, पाणी, बेकारी, कंत्राटी कामगार, मुलींचं शिक्षण अशी सुरुवात होती. अकरावा मुद्दा ‘व्यवस्था’. तो मी सगळ्याच याद्यांत घालते.

टिपण वाचायला मला एकच रॅपर ठाऊक होती. माझी मावसबहीण. मंठ्याजवळच्या खेड्यात राहते, वय एकोणीस, मंठ्याला बीएच्या पहिल्या वर्षाला. मोबाईलवर ऐकून ऐकून शिकली होती. ऑगस्टच्या शेवटी सुट्टी काढून मी मावशीकडे गेले तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “तिघीबी शेडला गेल्यात.”

शेड म्हणजे शेडनेट. हिरव्या जाळीखाली मिरचीचा बियाण्याचा प्लॉट. आमच्या जिल्ह्यात असे प्लॉट गावोगाव आहेत. आज कळी चिमट्यानं उघडून तिच्यातला नराचा भाग काढायचा, उद्या तिला दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा, वर रंगीत दोरा गुंडाळायचा. या कामाला सगळे क्रॉसिंग म्हणतात. हे सगळं हातानं आणि एकेका फुलाला.

मी जाळीचं दार लोटलं आणि आतून गाणं ऐकू आलं. मावसबहीण ओळीत वाकून कळ्या उघडत होती आणि चिमट्याच्या टकटकीवर बोलत होती:

दहाची घंटा तिकडं वाजली, इकडं वाजले दहा,
तिकडं हजेरी लागून राह्यली, इकडं कळ्या पहा.
बोटं तुझी लहान पोरी, कामाला लय छान,
बोटं लहान, तूबी लहान, मोठं होतंय बियाणं!

शेवटच्या ओळीला सगळ्या बायकांनी चिमटे एकदम वाजवले. एक म्हातारी मला म्हणाली, “या, या. हे आमचं पळतं गाणं. ह्याच्यामागं पळता पळता ओळ कधी संपती, कळत न्हाई.”

“म्हातारे, तुझी ओळ तर संपतच न्हाई,” मावसबहिणीनं तिला तिथूनच चिमटा काढला. “तू गाणं आयकती का कळ्या मोजती?”

“मी तुझं लगीन जमवून राह्यले, मनातल्या मनात.”

हशा झाला. मला त्या हशातही गाण्याचा धक्का बसलेला होता. कारण ज्या मुलीबद्दल ते गाणं होतं, ती मावसबहिणीच्या शेजारच्याच ओळीत होती. तिची धाकटी बहीण. दहावीत. वार मंगळवार, म्हणजे शाळेचा दिवस. साडेनऊला मावसबहीण उठली, हात धुतले, कॉलेजच्या बसला पळाली. धाकटी ओळीतच राहिली.

संध्याकाळी घरी मी मावसबहिणीला माझं टिपण दिलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं.

“ताई, हे चांगलंय. पण ह्यातलं कोण मला वळखतं?”

“म्हणजे?”

“मुलींचं शिक्षण म्हणती तू. ती मुलगी कोणती? तिला काय आवडतं? घामोळ्या येतात का न्हाई तिला त्या जाळीत? ‘व्यवस्था’ला घामोळ्या येत न्हाईत. मंग मी तिच्यावर गाऊ कसं?”

मी चिडले. म्हणाले की व्यक्तीची गोष्ट सांगून प्रश्न सुटत नसतो, मूळ कारणावर बोट ठेवावं लागतं.

“बोट ठेवायचं तर बोट दिसलं पाहिजे ना ताई,” ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. माझं टिपण एवढ्या पटकन आजवर कुणी मोडीत काढलं नव्हतं. वडिलांनीसुद्धा नाही.

ऑक्टोबरात शाळेतून निरोप आला. बोर्डाचे फॉर्म भरणं सुरू झालंय, पोरीची हजेरी नाही, सोमवारपर्यंत पाठवा, नाहीतर यंदा बसता येणार नाही. मावशी फोनवर मला म्हणाली, “हा हंगाम निघू दे बाई. पुढल्या साली बसंल. मुकादम म्हणतो, बारीक बोटाची एक पोरगी गेली तर ओळ मागं पडती. आन तुझे काका तिकडं पुण्याला बांधकामावर. मी कुठं कुठं पुरू?”

तिच्या सांगण्यात कपट नव्हतं. तीही सातवीतून अशाच एका हंगामाला गेली होती. तो हंगाम अजून संपलेला नाही.

मावसबहिणीनं ठरवलं, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात विहारासमोर हे गाणं म्हणायचं. तो दिवस सोमवारच्या आधी दोन दिवस येत होता. सगळा गाव जमणार होता. मावशी पहिल्या रांगेत बसणार होती. शेडमालकही येणार होता, मंडप त्यानंच दिला होता. पाच मिनिटं मिळाली. ‘बोटं तुझी लहान पोरी’ हे मालकाच्या तोंडचं कडवं होतंच, त्याला तिनं आईचं कडवं जोडलं:

माय म्हणती एवढाच हंगाम, मंग शाळेत जा,
मायच्या मायनंबी तिला हेच सांगितलं, बरं का!

तिनं ते मला व्हिडिओ कॉलवर म्हणून दाखवलं आणि मला फार आवडलं. आणि आवडल्यावर आमच्या घरात जे करतात तेच मी केलं. आधी पत्रक, मग सभा. दुकानात गाणं टाईप केलं, खाली मोठ्या अक्षरात ‘दहावीचा फॉर्म भरलाच पाहिजे’ असं टाकलं, पिवळ्या कागदावर दोनशे प्रती काढल्या आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गावात जाऊन घरोघर वाटल्या. मावसबहीण कॉलेजात होती. तिला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. पत्रकाला कोण विचारतं?

संध्याकाळपर्यंत काय झालं ते मी ओसरीवर बसून पाहिलं. मावशीला वाचता येतं, पण चष्मा नव्हता. तिनं कागद धाकटीला दिला. म्हणाली, वाच. धाकटीनं शाळेतल्यासारखं सावकाश, स्वल्पविराम पाळत वाचलं. आईच्या कडव्याला तिचा आवाज बारीक झाला. शेजारच्या दोघी उभ्या होत्या. त्या खाली बघायला लागल्या. तेच शब्द व्हिडिओ कॉलवर म्हणताना मावसबहीण स्वतः हसत होती, खांदा उडवत होती, ‘बरं का’ला मान डोलवत होती. कागदावर ते काहीच नव्हतं. कागदावर फक्त एक मुलगी आपल्या आईला गावासमोर बोलत होती.

मावशीनं कागद परत घेतला. त्याची घडी घातली, उतरंडीच्या मागं ठेवली आणि कणीक मळायला घेतली. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मग विहार समितीचे अध्यक्ष आले. निवृत्त मास्तर, गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलेलं. ते मावसबहिणीची वाट पाहत बसले आणि ती बसमधून उतरून आली तशी म्हणाले, “पोरी, तुझं गाणं खरं आहे. पण ज्यानं मंडप दिला त्याला त्याच मंडपात बसवून बोलायचं? आणि आपल्याच आयांना? उद्याच्या दिवशी?”

तिनं माझ्या हातातला उरलेला गठ्ठा पाहिला. सगळं तिच्या ध्यानात आलं.

“ताई, तू वाटलं?”

“हो.”

“सगळं?”

“हो.”

“म्हणजे उद्या लोक मला ऐकायला येणार न्हाईत. मी काय काय म्हणते ते तपासायला येणार.” मग मास्तरांकडे वळून ती म्हणाली, “सर, मालकाचं आन मायचं, ती दोन कडवी मी म्हणत न्हाई. बिलकुल न्हाई. पण माझी पाच मिनिटं राहू द्या.”

मास्तर खुश झाले. मला मात्र वाटलं, संपलं. हिनं माघार घेतली, आणि ती माझ्यामुळं. मी त्या रात्री मावशीकडेच राहिले. दोघी बहिणी एका पांघरुणात, आणि मावशी भिंतीकडं तोंड करून.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला कार्यक्रम सुरू झाला. पंचशील झालं, भाषणं झाली, बक्षिसं झाली. पांढऱ्या लुगड्यांची पहिली रांग, तिच्यात मावशी. मावसबहीण माईकपाशी आली. मोबाईलवरचं संगीत तिनं लावलंच नाही. नुसती टाळी धरली आणि मागच्या पोरांना हातानं खुणावलं. टाळी जमली. मग तिनं जे म्हटलं ते कुठल्याच कागदावर नव्हतं:

मालक ऱ्हाऊ द्या, माय ऱ्हाऊ द्या, आधी माझं नाव घ्या,
चिमटा तिला मीच दिला, शिक्षा मला द्या.
म्हणलं चल गं सोबतीला, दोन दिवसाचं काम,
मी कॉलेजची बस धरली, तिला सुटला घाम!

टाळी थांबली होती. तिला कळलं असावं, पण ती थांबली नाही. चिमटा कसा धरायचा ते धाकटीला तिनं स्वतः शिकवलं. पहिल्या दिवशी धाकटीची कळी तुटली तेव्हा ती हसली. आपली कॉलेजची हजेरी भरावी म्हणून आपल्या ओळीतल्या उरलेल्या कळ्या ती रोज धाकटीवर टाकून गेली. हे सगळं ती यमकात सांगत होती, आणि एकाही ठिकाणी तिनं स्वतःला सोडलं नाही. मला दोन महिने यातलं काही माहीत नव्हतं. साडेनऊला तिला उठून जाताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी.

शेवटी ती म्हणाली, यमकाबिमकाशिवाय, साध्या आवाजात, “सोमवारी फॉर्म हाय. तिची ओळ मी घेणार. कॉलेज मी बघून घेईन.”

मी माझ्या आयुष्यात शेकडो भाषणं ऐकली आहेत. बोलणाऱ्यानं आधी स्वतःला आरोपीच्या जागी उभं केलंय असं एकही आठवत नाही. आमच्या पत्रकांत ‘ते’ असतात आणि ‘आम्ही’ असतो. आम्ही नेहमी बरोबर. रॅपनं काय बोलावं याची यादी मी केली होती, पण कुठून बोलावं हे त्यात कुठंच नव्हतं. गॉगलवाल्या पोरांवर मी चिडत होते ते स्वतःचं कौतुक करतात म्हणून. ही मुलगीही स्वतःबद्दलच बोलली. फरक एवढाच की तिनं स्वतःला वाचवलं नाही, आणि म्हणून मंडपातल्या एकालाही वाचायला जागा उरली नाही. शेडमालक उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

मावशी मात्र जागेवरून उठली. पहिल्या रांगेतूनच ओरडली, “ए, तू कशाला कॉलेज सोडती गं? तुझं यमक लय झालं. पोरीची ओळ मी घेईन. मला काय हात न्हाईत का?”

मागून त्या म्हातारीचा आवाज आला, “तुझी ओळ आन तिची ओळ? सांजच्याला उचलून आणावं लागंल तुला!”

“मंग तू ये उचलायला!”

मंडप हसला. मास्तरसुद्धा हसले आणि चष्मा पुसत राहिले.

सोमवारी धाकटीचा फॉर्म भरला. वर्गशिक्षिकेनं हजेरीबद्दल दोन शब्द सुनावले, मावशीनं ते ऐकून घेतले. फोटो नव्हता म्हणून मंठ्याला धावपळ झाली. फोटोत धाकटीनं ओठ घट्ट मिटलेत, कारण स्टुडिओवाला हसू नको म्हणाला होता आणि तिला हसू येत होतं.

या गोष्टीनं गाव बदललं असं मी म्हणणार नाही. त्या शेडमध्ये त्या हंगामात आणखी दोन मुली होत्या. त्यातली एक दिवाळीनंतर शाळेत परतली, दुसरी नाही. दुसरीच्या घरी मावसबहीण तीनदा जाऊन आली. अजून जाते. एका गाण्यानं सगळं होईल असं ती कधी म्हणाली नव्हती. तसं मी म्हणायचे.

धाकटी शाळेत गेली आणि मावशीला दोन ओळी काही झेपेनात. मी दुकानातून चार दिवसांची सुट्टी काढली आणि शेडला गेले. पहिल्या सकाळी माझ्या हातून अकरा फुलं तुटली. मान आखडली, बोटांना मिरची झोंबली, तेच बोट डोळ्याला लागलं आणि मी रडायला लागले. मुकादमानं माझ्याकडे पाहिलं आणि मावशीला विचारलं, “ह्या शिकल्यात किती?”

“लय शिकल्यात,” मावशी म्हणाली. “दोरा बांधता येत न्हाई, तेवढं सोडा.”

पलीकडच्या ओळीतून चिमट्याची टकटक सुरू झाली. मावसबहिणीच्या बसला अजून अर्धा तास होता. तिनं घसा साफ केला, आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघून आधीच हसायला लागल्या.