जिजीचा अंगठा

‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणत म्हणत माझ्या आत्याला मारलं.

आत्या बऱ्हाणपूरकडच्या देडतलाई गावची. आम्ही सगळे तिला जिजी म्हणायचो. आज तिला जाऊन वर्ष झालं, आणि माझा राग काही जात नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बऱ्हाणपूरला फुकट ऑपरेशन होणार होतं. फक्त ओळख पटवायला मशीनवर अंगठा जुळायला हवा होता.

आता जन्मभर केळीचे घड कापलेला हात तो. चीक, कोयता, माती. रेषा राहणार कुठून?

लाल लाइट. ‘पुन्हा प्रयत्न करा.’

जिजी अंगठा केसांत घासायची, तेल लागलं की मशीन घेतं म्हणून. तिथे जायचं असलं की डोक्याला तेल चोपडूनच निघायची बिचारी.

परत लाल.

“अम्मा, अगले हफ्ते आना,” मशीनवरचा ऑपरेटर म्हणायचा.

परत बस, परत लाइन, परत सगळं पहिल्यापासून.

एकदा मी सोबत गेले. ऑपरेटर म्हणतो, “मॅडम, अंगूठा नहीं आ रहा तो आँख से कर लेते हैं.”

अरे, डोळ्यांचंच तर ऑपरेशन आहे!

तेही लाल.

“मग मोबाइलवर ओटीपी पाठवा ना!”

“सिस्टम में ऑप्शन ही नहीं है, मॅडम.”

मी स्वतः सॉफ्टवेअर लिहिते, इंदूरला. एरर आली की रीट्राय आम्ही पण टाकतो. नेटवर्क गेलं असेल तर थोडं थांबा, परत करा, होऊन जातं.

पण आधी बघा तरी, एरर कसली आहे! झिजलेल्या रेषा काय पुढच्या आठवड्यात उगवणार होत्या? तिथे रीट्राय चालत नाही, दुसरा रस्ता द्यावा लागतो. आमच्याकडे ट्रेनीला पण कळतं हे.

ज्याने ते लिहिलं, त्याने सगळ्या एररना एकच उत्तर चिकटवलं आणि घरी जाऊन झोपला मेला.

जिजी मात्र स्वतःलाच बोल लावायची. “माझाच अंगठा खराब हाये वं, पोरी.”

मग एक दिवस अंगणातली पायरी दिसली नाही. पडली, ती उठलीच नाही.

त्याच्या आधीच्या दिवाळीत माझी लेक चिऊ गुपचूप तिच्यासमोर जाऊन बसली होती. तोंडातून एक शब्द नाही. जिजीने हात पुढे केला, तिच्या भुवईवरच्या व्रणावरून अंगठा फिरवला.

“आली का वं माझी चिऊ?”

तोच अंगठा. पहिल्याच वेळी ओळखलं.

जिजी, आता निवांत राहा. तिथे तुला कोणी अंगठा मागणार नाही.

भावपूर्ण श्रद्धांजली.