आठ डिस्कची गिरणी

चौथ्या मजल्यावरचं एक ऑफिस गाशा गुंडाळत होतं आणि नेमकी त्याच दिवशी त्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. टेबलं, खुर्च्या, पडदे सगळं जिन्याने खाली चाललं होतं. सामान उतरवणारी माणसं जाता-येता लिफ्टच्या उघड्या दारात डोकावत आणि आत काम करणाऱ्या मेकॅनिकला दोन शब्द ऐकवून पुढे जात. भंगारात निघालेल्या ढिगात मेकॅनिकला एक यंत्र दिसलं, ऑफिसचा सर्व्हर. लांब, चपटं, पोलादी, पुढच्या बाजूला डिस्कचे आठ खण, आणि आठही भरलेले. हातातलं काम तसंच टाकून त्याने भंगारवाल्याशी सौदा केला. भंगारवाला थांबायला तयार नव्हता. त्यामुळे आपणच उघडून ठेवलेल्या लिफ्टच्या शेजारून ते धूड पाठीवर घेऊन मेकॅनिकला चार मजले उतरावं लागलं.

"काय लिफ्टवाले, जिन्याने?" एका हमालाने विचारलं. बाकीचे पोट धरून हसले.

सर्व्हर घरी आला तो असा.

मेकॅनिकला कॉम्प्युटरचं वेड नव्हतं. पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा, नखांतलं ग्रीस कधीच पूर्ण न निघणारा हा माणूस उभं आयुष्य लिफ्टच्या मशीन रूममध्ये काढलेला. मोटर कुरकुरते की घरघरते यावरून बिघाड कुठे आहे ते तो सांगू शके. सर्व्हर त्याला हवा होता तो बायकोसाठी. ती ऐकण्याच्या पुस्तकांना आवाज देते. बेडरूममधल्या कपड्यांच्या कपाटात, रजया आणि कोट यांच्या मधोमध एक स्टूल आहे, समोर मायक्रोफोन. दार आतून ओढून घेतलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. त्या कपाटात बसून ती काही महिने एक जाडजूड कादंबरी वाचत होती. पहिला अर्धा भाग प्रकाशकाकडे गेला होता. दुसरा अर्धा एका जुन्या डिस्कवर होता, फक्त तिथेच, आणि ती डिस्क आता टिकटिक करू लागली होती.

टिकटिक म्हणजे काय हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आदल्या वर्षी अशीच एक डिस्क टिकटिकत टिकटिकत गेली होती आणि बायकोला एक अख्खं पुस्तक पुन्हा वाचावं लागलं होतं. ते पुस्तक बारीक होतं. हे तसं नव्हतं.

बायकोचं म्हणणं सरळ होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक नवी डिस्क आणायची, सगळं तिच्यावर उतरवायचं, विषय संपला. मेकॅनिकला ते पटेना. लिफ्टची केबिन कोणी एका दोरावर टांगत नाही, हे त्याचं म्हणणं. चार-पाच पोलादी दोर असतात, एखादा तुटला तरी बाकीचे केबिन पेलतात. अनेक डिस्क एकत्र बांधायच्या, एखादी गेली तरी बाकीच्यांवरून सगळं परत मिळतं, ही गोष्ट त्याने एकदा वाचली आणि पहिल्या फटक्यात त्याला कळली. ही दोरांचीच गोष्ट होती. घरातल्या सगळ्यांनी आपापल्या कॉम्प्युटरवरून, फोनवरून त्यात टाकायचं, त्यातून काढायचं. पुन्हा म्हणून कोणाचं काही हरवायचं नाही.

"आठवडाभरात लावून देतो," तो म्हणाला.

बायकोने त्या यंत्राकडे पाहिलं, मग टिकटिकणाऱ्या डिस्ककडे पाहिलं आणि कपाटाचं दार ओढून घेतलं.

पहिली अडचण सर्व्हरचं बटण दाबताक्षणी सुरू झाली. आतले सहा छोटे पंखे असे काही किंचाळले की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी येऊन दार वाजवलं. थोड्या वेळाने ते शांत झाले, पण शांत म्हणजे मिक्सरच्या जागी पिठाची गिरणी. घरातच राहणाऱ्या मेकॅनिकच्या सासऱ्यांनी त्याच वेळी यंत्राचं नाव गिरणी ठेवलं आणि ते टिकलं. रजया, कोट, कपाटाचं दार या सगळ्यांतून ती घरघर मायक्रोफोनपर्यंत पोचत होती. म्हणजे बायको वाचत असेल तेव्हा गिरणी बंद, आणि ती थांबली की चालू. मेकॅनिक कामावरून यायचा तेव्हा बायको वाचायला बसलेली असायची. प्रकाशकाकडच्या बाईंना पुस्तक लवकर हवं होतं. त्यामुळे आठवडाभराच्या कामाला प्रत्यक्षात मिळत होते ते चहाच्या कपाएवढे वेळेचे तुकडे.

दुसरी अडचण समजायलाच फार वेळ गेला. आठही डिस्कचे दिवे हिरवे लागत. पण पडद्यावर प्रत्येक डिस्कपुढे क्षमता शून्य. त्याने डिस्क काढून पुसल्या, खण बदलले, आतलं कार्ड उपसून पुन्हा बसवलं, वायरी बदलल्या. शून्य. भंगारवाल्याला फोन केला. तो म्हणाला, डिस्क ठणठणीत आहेत, ऑफिस बंद होईपर्यंत चालत होत्या. हे खरं निघालं, आणि त्यानेच मेकॅनिकचं डोकं जास्त फिरलं. बिघडलेल्या वस्तूशी कसं वागायचं ते त्याला ठाऊक होतं. न बिघडता न चालणारी वस्तू त्याच्या अनुभवात बसत नव्हती.

शेवटी खुलासा मिळाला तो असा. डिस्कवर माहिती बारीक कप्प्यांत लिहिली जाते. साध्या कॉम्प्युटरला पाचशे बारा मापाचा कप्पा कळतो. या डिस्क मात्र एका मोठ्या साठवणीच्या कपाटातून निघालेल्या होत्या आणि त्यांचे कप्पे पाचशे वीस मापाचे होते. ऑफिसातल्या कोणीतरी जाताना आठ खण भरलेले दिसावेत म्हणून त्या इथे खोचल्या असाव्यात. आठ आकड्यांच्या फरकासाठी आठ डिस्क ठप्प. उपाय होता. प्रत्येक डिस्क मुळापासून नव्या मापाने आखून घ्यायची. एका डिस्कला जवळजवळ अख्खा दिवस, आणि अट एकच: मध्ये वीज जाता कामा नये. गेली तर डिस्क ना जुन्या मापाची राहते ना नव्या.

आठवडा केव्हाच उलटून गेला होता. बायकोने दोनदा नव्या डिस्कचा विषय काढला. दुसऱ्या वेळी तो तिच्यावर खेकसला, की इतके दिवस थांबलीस, आता दोन दिवसांनी काय बिघडणार आहे. 

मग एक दिवस असा आला की बायकोला कामासाठी दिवसभर बाहेर जायचं होतं. कपाट रिकामं, गिरणीला रान मोकळं. एकेक डिस्क आखायची तर असे आठ दिवस लागले असते. मेकॅनिकने सकाळी चार डिस्क एकदम लावल्या. पडद्यावर चार ओळी हलू लागल्या. चारही नीट चालल्याची खात्री करून तो कामावर गेला.

या घराच्या दाराशी एक पाटी आहे. मेकॅनिकनेच रंगवलेली, लिफ्टमध्ये माणसांची मर्यादा लिहितात तशा ठसठशीत अक्षरांत: जे आवाज करतंय ते बंद करून निघा. काही वर्षांपूर्वी पाण्याचा पंप दिवसभर कोरडा फिरत राहून जळला, तेव्हाची. सासरे राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला पंखा चालू ठेवून फिरायला गेले होते. परत आल्यावर जावयाने त्यांना पाटीसमोर उभं करून ती मोठ्याने वाचायला लावली. सासरे आयुष्यभर एका गोदामाचे रखवालदार होते, अपमान सहज विसरणारे नव्हते. तेव्हापासून ते बाहेर पडताना प्रत्येक खोलीत क्षणभर उभे राहून कान देतात.

मेकॅनिक परतला तेव्हा घर शांत होतं. मशीन रूममध्ये शांतता ऐकू आली की काहीतरी बंद पडलंय हे त्याला कळतं, तसंच आता कळलं. सासरे फिरून येऊन बूट काढत होते.

"जावईबापू, तुमची गिरणी चालूच ठेवून गेला होतात," ते म्हणाले. आवाजात समाधान लपत नव्हतं. "मी बंद केली. पाटी सगळ्यांसाठी आहे ना?"

 मेकॅनिकने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. त्या पिशवीत पान्यांच्या वर एक लाल पत्र्याची पाटी होती: काम चालू आहे, हात लावू नये. लिफ्टवर काम सुरू करण्याआधी ती मेन स्विचवर अडकवायची, हे त्याने न चुकता केलं होतं. नव्या माणसांना तो पहिल्या दिवशी हेच शिकवतो. त्या दिवशीही एका अनोळखी इमारतीच्या स्विचवर ती दिवसभर लटकत होती. स्वतःच्या घरात त्याला तिची आठवण झाली नव्हती. सासऱ्यांना सांगायचंही राहून गेलं होतं, कारण ते तेव्हा झोपलेले होते.

चारही डिस्क अर्धवट आखल्या गेलेल्या. त्यांच्याकडून काही उत्तरच येईना. सासऱ्यांना काय झालं ते समजलं तेव्हा ते ओशाळले, आणि पाटीचं नाव काढून पुन्हा ताठही झाले. त्यांच्यावर चिडायला जागा नव्हती. मेकॅनिक दोन दिवस सगळ्या जगावर चिडून हिंडला. कामावर एका सोसायटीच्या सेक्रेटरीशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं, लिफ्टमधल्या आरशावरून.

याच सुमारास बायकोने पुस्तकाचा शेवटचा भाग तपासण्यासाठी जुनी डिस्क जोडली. टिक. टिक. टिक. मग काहीच नाही. तिने वायर काढून पुन्हा लावली. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. मेकॅनिक आला तेव्हा ती डिस्क टेबलावर ठेवून समोर बसली होती. त्याने ती उचलली, कानाला लावली, हलकेच हलवली. अशा वेळी तो लिफ्टच्या मालकांना सांगतो की हे आता दुरुस्त होणार नाही. बायकोला त्याने ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

"किती दोर आहेत तुमच्या गिरणीला?" तिने विचारलं.

"आठ."

"आणि माझ्या पुस्तकाला किती होते?"

 मग त्याने चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन एक साधी, हाताच्या पंजाएवढी डिस्क आणली. दुकानदाराने ती दिली, सुटे पैसे मोजले, तेवढ्यात सगळा व्यवहार उरकला. टिकटिकणारी डिस्क एका जाणकाराकडे नेऊन दाखवली. त्याने उघडून पाहिली आणि डोकं हलवलं.

बायकोने प्रकाशकाकडच्या बाईंना फोन करून मुदत वाढवून घेतली. बाईंनी दिली, पण पुढच्या पुस्तकाबद्दल त्या बोलत होत्या ते या वेळी बोलल्या नाहीत. बायको पुन्हा कपाटात बसली. पहिल्या वेळी जमलेली कादंबरीतली एक लांब भांडणाची जागा दुसऱ्या वेळी जमेना. ती तेच पान पुन्हा पुन्हा वाचत होती, आणि बाहेर मेकॅनिक प्लग काढलेल्या सर्व्हरशेजारी बसून होता. घर इतकं शांत की दाराआडून तिने पाण्याचा घोट घेतलेला ऐकू येई. रोजचं वाचन संपलं की ती नव्या डिस्कवर एक प्रत ठेवी आणि डिस्क पर्समध्ये टाके. ती पर्स ती भाजी आणायलाही घेऊन जाई.

सर्व्हर सोडून द्यावा हे मेकॅनिकच्या मनात आलं असेल, पण तो तसा माणूस नाही. त्याने पंख्यांचा वेग उतरवायची खटपट केली, ती निम्मी जमली. गिरणी बेडरूमच्या भिंतीपासून उचलून स्वयंपाकघरामागच्या कोंदट पॅसेजमध्ये नेली. डिस्क आखायचं काम पुन्हा सुरू केलं, या वेळी एकेक करून, बायको दिवसभर बाहेर असेल त्या दिवशी. प्लगवर लाल पाटी अडकवली. सासरे बाहेर पडताना त्या पाटीसमोर थांबत आणि जावयाला फोन करून विचारत, आज चालू ठेवायची ना? हे ते मुद्दाम करतात असा मेकॅनिकचा संशय आहे. सासरे तो नाकारत नाहीत.

अर्धवट राहिलेल्या चारांपैकी दोन डिस्क परत आल्या, दोन आल्या नाहीत. उरलेल्या चार नीट आखल्या गेल्या. सहा डिस्कची मोळी त्याने अशी बांधली की कुठल्याही दोन गेल्या तरी काही हरवू नये. एका सकाळी पडद्यावर शून्याच्या जागी खरा आकडा आला. बायकोच्या कॉम्प्युटरवर सर्व्हरचं नाव दिसलं, आत रिकामा फोल्डर. तिचं पुस्तक तोवर वाचून होऊन प्रकाशकाकडे पोचलं होतं. भांडणाची जागा पहिल्यासारखी झाली नाही, असं तिचं मत आहे. ऐकणाऱ्यांना ते कधी कळणार नाही.

मेकॅनिक म्हणाला, आता तुझं सगळं यात टाक.

बायकोने पर्स जवळ ओढली.

"लिफ्टचे दोर बदलले की लगेच माणसं चढवता का?"

"नाही. आधी वजनं चढवतो."

"मग आधी वजनं चढवा."

ते बरोबर होतं. इतकंच नाही, तर दोर कितीही असले तरी केबिनखाली एक वेगळा ब्रेक असतोच. दोरांचा भरवसा असूनही तो असतो, आणि मेकॅनिक प्रत्येक फेरीत आधी तोच तपासतो. पर्समधली डिस्क म्हणजे तो ब्रेक, आणि तो बायकोने आपणहून बसवला होता.

हल्ली गिरणीत लिफ्टच्या जुन्या नकाशांच्या प्रती आहेत, सासऱ्यांच्या फोनमधले पार्कातल्या बाकांचे फोटो आहेत, आणि तेच फोटो आणखी तीन वेळा आहेत, नुसती जागा भरायला. सुट्टीच्या दिवशी मेकॅनिक चालू सर्व्हरमधून मुद्दाम एक डिस्क उपसतो, थोडा वेळ थांबतो आणि पुन्हा बसवतो. दिवा पिवळा होतो, मोळी पुन्हा जुळेपर्यंत पिवळाच राहतो, मग हिरवा. बायको नवं पुस्तक वाचायला लागली की कपाटातून हाक मारते आणि तो प्लग काढतो. किती दिवस वजनं चढवायची, हे त्याने तिला एकदा विचारलं. तुम्ही लिफ्टला किती दिवस देता, असं तिने विचारलं. एक दिवस, असं खरं उत्तर होतं, पण दोन दिवसांनी काय बिघडणार आहे असं तिच्यावर खेकसलेला माणूसही तोच होता. त्याने ते उत्तर दिलं नाही.