दारात कुणी नव्हतं, अप्पा

अप्पांना ऐकू येत नाही हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. म्हणजे समोर उभं राहून बोललं की ओठांवरनं सगळं कळतं त्यांना, कारखान्यात सगळे तसंच बोलायचे. पण मागनं हाक मारली, दार वाजलं, कुकरची शिट्टी झाली, तर काही नाही. सोलापुरात यंत्रमागावर तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान असेच असतात, आमच्या भवानी पेठेत तर गल्लीला एक तरी सापडेल. कानाचं मशीन आणलं होतं. ते घातलं की परत मागापाशी उभारल्यासारखं वाटतंय म्हणाले, नुसता खडखडाट. ते कपाटात गेलं.

आई होती तोवर दार आई बघायची. आई गेली, मग दोन वर्षं मी बघितलं. आणि मग मला पुण्यात नोकरी लागली.

अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, अकलूजला दिलेली. तिचा लगेच फोन. "अप्पांना मी घेऊन जाते. गॅसवाला दोनदा दार वाजवून परत गेलाय. उद्या काय झालं तर कोण उघडणार?"

मी हे अप्पांना ओठ हलवून सांगितलं. ते म्हणाले, "लेकीच्या दारात जाऊन बसू व्हय? माझं घर काय पडलंय?"

मी अक्काकडनं एक महिना मागून घेतला. पुण्याचं ट्रेनिंग तसंही पहिला महिना घरूनच ऑनलाइन होतं. महिनाभरात अप्पा एकटे दार सांभाळायला लागले तर इथंच राहणार, नाहीतर अकलूज. असं ठरलं.

आता मला हे असलं सगळं लई आवडतं, त्यामुळं मी काय खूश झाले विचारू नका. फोनला जोडायची बेल मागवली, दोन स्मार्ट बल्ब मागवले, एक टीव्हीच्या वर, एक स्वयंपाकघरात. बेल दाबली की दोन्ही बल्ब नारंगी होऊन उघडझाप करणार. बेल एका कंपनीची, बल्ब दुसऱ्या कंपनीचे, आणि दोघांचं आपसात बोलणं नाही. त्यांना जोडून देणारं एक इंटिग्रेशन इंटरनेटवर मिळालं, कुठल्यातरी लांबच्या देशातल्या माणसानं मोकळ्या वेळात बनवलेलं. बीटा होतं. म्हणजे अजून पुरतं झालेलं नाही, वापरून बघा, बिघडलं तर तुमचं तुम्ही. तसं ते स्वतःच सांगायचं, इंग्लिशमध्ये, मोबाईलवर: हे बीटा आहे, याला सपोर्ट नाही, महत्त्वाच्या कामाला यावर विसंबू नका. मी ओके दाबलं.

पहिल्या दिवशी नुसती धमाल. अक्का व्हिडिओ कॉलवर, अप्पा टीव्हीसमोर, मी बाहेर जाऊन बेल दाबली. बल्ब लागला, अप्पा उठले, दार उघडलं आणि गंभीर चेहरा करून म्हणाले, "कोण पायजे? मालक घरात न्हाईत." मला चारदा बाहेर जायला लावलं. समोर किराणा दुकान आहे, तिथल्या काकू गल्ला सोडून आल्या आणि त्यांनीपण दाबून बघितलं. "काय गं बाई, दिवा बोलतोय की." अक्का फोनवर हसत होती. मी तिला छाती फुगवून सांगितलं, शंभर टक्के चालतंय, काही काळजी नाही.

दुसऱ्या दिवशीच मला चूक कळली होती. ते इंटिग्रेशन 'बेल वाजली' असं वेगळं सांगायचंच नाही, फक्त 'काहीतरी मेसेज आलाय' एवढंच सांगायचं. म्हणून मी तसंच बसवलं होतं: मेसेज आला की बल्ब. पण ती बीटाची सूचनापण मेसेजच की. नेट गेलं आणि परत आलं की सूचना परत यायची. आमच्या गल्लीत लाईट किती वेळा जाते ते तुम्ही सोलापूरचे असाल तर सांगायला नको. लाईट आली, नेट आलं, सूचना आली, बल्ब लागला. दारात कुणी नाही.

मी त्या बनवणाऱ्याला लिहिलं. भराभर, तीन-चार मेसेज. त्याचं उत्तर आलं की बाबा, बीटा आहे, तिथंच लिहिलंय, महत्त्वाच्या कामाला वापरू नका. पुढच्या व्हर्जनला बघू. मला वाटलं येईल दोन-चार दिवसांत. मग अप्पांना कशाला सांगायचं? सांगितलं तर अक्काच्या कानावर जाणार, आणि अक्का म्हणणार, बघ, सांगत नव्हते मी. म्हणून गप्प बसले. हे मी आत्ता लिहायलेय तेवढं सोपं तेव्हापण होतं. तोंड उघडायचं आणि सांगायचं, बस. नाही सांगितलं.

दिवसभर मी माडीवर, कानात हेडफोन, ट्रेनिंग. सूचना आली की अंगठ्यानं बाजूला सारायची, स्क्रीनकडं बघायचंसुद्धा नाही. मला वाटायचं खाली अप्पांनापण सवय झाली असेल, एकदोनदा जाऊन बघतील, मग सोडून देतील. कुणीपण सोडून देईल.

अप्पा सोडून देणाऱ्यातले नाहीत. हे मला माहीत असायला पाहिजे होतं. कारखान्यात चार माग एकट्यानं बघायचे ते. धागा तुटला, कांडीवरचं सूत संपलं, की लगेच जाऊन पोचायचं. मगाशीच गेलो होतो की, असं तिथं चालत नाही. एकदा उशीर झाला तर वाया गेलेलं कापड आपल्या नावावर. सगळा जन्म असा काढलेला माणूस दिवा लागल्यावर बसून राहील? टीव्हीसमोरनं उठायचे, जेवता जेवता उठायचे, दुपारी डोळा लागला असला तरी. गुडघ्यावर हात दाबून, भिंत धरून दारापर्यंत. उघडायचे. डावीकडं बघायचे, उजवीकडं बघायचे. परत यायचे. परत लाईट जायची.

महिना संपत आला, नवीन व्हर्जन आलंच नाही. एक दिवस मी दही आणायला गेले तेव्हा किराण्याच्या काकूंनी हात धरून बाजूला घेतलं. "एक विचारू का गं? अप्पा दिवसभर दार उघडून उभारत्यात. कुणीच नसतंय. गल्लीत बघत्यात आणि आत जात्यात. परत दहा मिनटानं तेच." आवाज बारीक करून म्हणाल्या, "तुझ्या आईची वाट बघत्यात काय? डोक्यावर परिणाम झाला असंल तर डॉक्टरला दाखवा बाई." आणि मग, "तुझ्या अक्काला फोन केलाय मी. कुणीतरी सांगायला पाहिजे की."

रविवारी अक्का गाडी घेऊनच आली.

मी तिला सगळं खरं सांगितलं. बीटा, सूचना, नेट, सगळं. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती. "शंभर टक्के चालतंय म्हणालेलीस ना? आता म्हणायलीस चालतच नव्हतं. कुठलं खरं धरू? तुला पुण्याला जायचंय, म्हणून काहीपण बोलायलीस."

"अगं पण त्यांचं डोकं ठीक आहे. दिवाच खोटा लागत होता."

"मग महिनाभर बघत काय बसलीस?"



अप्पा आमच्या दोघींच्या ओठांकडं आळीपाळीनं बघत होते. मग म्हणाले, "भांडू नका. जातो मी हिच्यासंगं." अक्काकडं बोट केलं. "लोक येत्यात, बेल दाबत्यात, मी उठून जाईस्तोवर निघून जात्यात. किती थांबतील बिचारे? पूर्वी चार माग बघायचो, आता एक दार जमंना झालंय."

मला तेव्हा कळलं की महिनाभर ते काय समजून चालले होते.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सावकाश, तोंड नीट उघडून बोलले. दारात कुणी नव्हतं, अप्पा. एकदापण नाही. ते यंत्र चुकत होतं. मोबाईल काढून ती यादी दाखवली, सूचना कधी कधी आली त्याची. त्यांनी चष्मा लावला, बोटानं वर सरकवत बघितलं, बराच वेळ. म्हणाले, "इतक्या येळा आले व्हय लोक."

मग मी राऊटरचं बटण बंद करून चालू केलं. थांबलो. बल्ब नारंगी झाला. मी धावत जाऊन दार सताड उघडलं, बघा, कुणी नाही, रिकामी गल्ली.

अप्पा हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ते तू केलंस. तुला सगळं करता येतंय, मला ठाऊक हाय. पण माझ्यासाठी खोटं कशाला बोलायचं, पोरी?"

अक्का त्यांचे कपडे पिशवीत भरायला लागली. लुंग्या, औषधं, दाढीचं सामान. अर्ध्या तासाचं काम. मी मदत केली नाही, अडवलंपण नाही.

गाडीत बसायच्या आधी अप्पा म्हणाले, जरा गल्लीत जाऊन येतो. मला वाटलं निरोप घ्यायला. मी मागनं गेले. ते पहिल्या घरासमोर थांबले, तिथला शिंपी मशीनवर होता, त्याला म्हणाले, "परवा तुमी आला होता काय? दार उघडायला येळ झाला बघा मला. गुडघं."

शिंप्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून नाही नाही म्हणत होते. त्याला वाटलं, मी म्हणतेय त्यांना दुखवू नका. हात जोडून म्हणाला, "व्हय अप्पा, आलो होतो. काय काम नव्हतं, सहजच."

पुढच्या घरीपण तेच. त्याच्या पुढच्या घरीपण. अप्पांच्या डोक्यावर परिणाम झालाय हे काकूंकडनं सगळ्यांच्या कानावर आधीच गेलेलं होतं, आणि सगळे इतकं गोड बोलत होते. आलो होतो की. असू दे अप्पा, परत येऊ. किराण्याच्या काकूंनी तर पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मीच दोनदा येऊन गेले, अप्पा. म्हटलं झोपला असाल."

अप्पा माझ्याकडं वळले. चेहरा मोकळा झाला होता, बऱ्याच दिवसांत असा बघितला नव्हता.

"बघ," म्हणाले, आणि गाडीकडं चालायला लागले.