रुखवतातला मोर

बारामतीपासून इंदापुरापर्यंत कालव्याच्या पाण्यावर जेवढी माणसं जगली, त्यांत आमच्या मामासासऱ्यांइतका हट्टी माणूस दुसरा झाला नाही. हे मी सांगतोय म्हणजे त्याला वजन आहे. कारण हट्टाच्या बाबतीत आमच्या कऱ्हाटी गावात माझ्या वरचढ कोणी नव्हतं, आणि तरी मामांच्यापुढं मी हात टेकले होते. माणसं बांधासाठी हट्ट करतात, मानपानासाठी करतात, एका बाभळीपायी डोकी फोडून घेतात. मामांचा हट्ट बिस्कुटांसाठी होता. दारात उभा राहिला की दार भरून जाईल असा हा गडी, मिशीला पीळ, हाताला नांगराचे घट्टे, आणि धोतरावर मैद्याचे पांढरे पंजे. इंग्रजाचं राज्य होतं, कालव्याच्या कडेनं नुकता ऊस उभा राहायला लागला होता, आणि आमच्या भागात बिस्कुट म्हणजे आजारी माणसाला चहात बुडवून द्यायचं औषध होतं. त्या काळात हा माणूस घरच्या घरी बिस्कुटं लाटून, त्यांचे बैल कापून, बैलांना साखरेच्या झुली घालायचा.

ही विद्या त्यांना मिळाली कॅनॉलच्या बंगल्यावर. तरुणपणी ते तिथं लाकडं फोडायला आणि पाणी भरायला होते. नाताळात साहेबाची मडम स्वैपाकघरात पीठ लाटून त्यातून पत्र्याच्या साच्यानं चांदण्या कापत होती. मामा सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन दारात उभे राहिले ते भारा उतरवायचं विसरले. "जावईबापू," ते मला सांगायचे, "त्या दिशी मला उमगलं. पोळी गोलच पायजे आसं काय न्हाय." एवढ्या एका ज्ञानावर त्यांनी पुढचं आयुष्य काढलं. घासलेटचा डबा आडवा टाकून त्याची भट्टी केली, खाली निखारे आणि वर तव्यात निखारे. दुसऱ्या डब्याचा पत्रा कापून साचे केले. भट्टी तापली का हे बघायची त्यांची रीत अशी, की डब्यात हात घालायचा आणि खंडोबाचा येळकोट म्हणायचा. येळकोट पुरा झाला तर धग कमी. मधेच "आयाया" झालं की भट्टी तयार. त्यांच्या उजव्या हातावर केस म्हणून नव्हता.

मामीचं लाटणं तर त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच जप्त केलं. "तू भाकरी थापतीस. तुला लाटणं कशाला?" पण होळीला पुरणपोळ्या करायच्या म्हटलं की लाटण्यासाठी त्या दोघांची जी जुंपायची, ती ऐकायला शेजारच्या वस्तीवरची माणसं बांधावर येऊन बसत. मामी शेवटी तांब्यानं पोळ्या लाटायची आणि मामा त्या खाता खाता म्हणायचे, "जाड-बारीक झाल्याती."

पीठ मळून झालं की ते पितळी डब्यात घालून, डबा दोरानं बांधून विहिरीत सोडायचा. पिठातलं तूप गारठलं पाहिजे, नाहीतर भट्टीत बिस्कुट पसरतं आणि बैलाचा रेडा होतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी पोहऱ्यानं पाणी शेंदताना त्यांचा डबा हलवला, तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणाले, पीठ दचकलं. रंग सगळे घरचे. हळदीचा पिवळा, पालकाचा हिरवा, गोकर्णीच्या फुलांचा निळा. साखर वाटून दुधात कालवायची, जिलबीच्या फडक्याला सुईनं भोक पाडायचं, आणि श्वास रोखून रेघ ओढायची. रेघ चालू असताना घरात कोणी शिंकायचं नाही. मामीला शिंक आली तर ती परसात पळायची.

पण खरी परीक्षा खाणाऱ्याची असे. बिस्कुट हातात मिळालं म्हणजे खायला मिळालं असं नव्हतं. "वळखा!" मामा समोर बसून म्हणायचे. ओळखलं तर खायचं. आणि सांगायला वाईट वाटतं, पण मामांचं जनावर पहिल्या झटक्यात कोणी ओळखल्याचं मला आठवत नाही. शेजारच्या अण्णांनी एकदा हरणाला कुत्रं म्हटलं.

"शिंगं दिसत न्हाईत?" मामा कडाडले.

"मला वाटलं कान हायत."

मामांनी अण्णांच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि त्यांच्याशी बोलणंच टाकलं. मी स्वतः एकदा चांगलं निरखून, उजेडात धरून सांगितलं, की हा ढग आहे.

"मेंढी हाय ती."

"मग पाय कुठं हायत, मामा?"

"बसल्याली हाय."

बरं, ओळखून झाल्यावरही खाण्याचे नियम होते. बैल शेपटाकडून खायचा. शिंगाकडून चावा घेतला की ते म्हणायचे, "जनावराच्या तोंडाला तोंड लावतोस व्हय रं?" माणसं इतकी घाबरून होती की बिस्कुट घेताना आधीच म्हणत, "मामा, तुमी आधी सांगा, मग आमी वळखतो."

आता मुद्द्यावर येतो. मामांना एकच लेक, हौसा. तिची आधी एक सोयरीक सुपारी फुटल्यावर मोडली होती. दोष तिचा काडीचा नव्हता, मानपानावरून मोडली. पण मोडलेल्या सोयरिकीचा डाग मुलीला लागतो, ही आमच्याकडची रीत. दोन वर्षं कोणी फिरकलं नाही. मग अंथुर्ण्याचं स्थळ आलं. घर चांगलं, कालव्याखालची बागाईत, मुलगा शांत. फक्त मुलाचे चुलते, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते फार कडक. रीतीत केसभर फरक चालायचा नाही. मामी मला बाजूला घेऊन म्हणाली, "जावईबापू, ही बारी मोडली तर माजी पोर घरातच म्हातारी हुईल. ह्यास्नी जरा आवरा." मी काय आवरणार? मामांनी सांगून टाकलं होतं, की रुखवत ते स्वतः करणार.

रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी लग्नाआधी नवरदेवासाठी जानवशाला, म्हणजे वऱ्हाड उतरतं तिथं, न्यायची मांडामांड. लाडू, करंज्या, कुरडया, शोभेचं काय काय. मधोमध जो मोठा पदार्थ असेल तो नवरदेवानं हातानं फोडून तोंडात घालायचा, मग उठून मांडवाकडं निघायचं, अशी त्या घरची चाल. मामा आठवडाभर गोठ्यात दार लावून बसले. आत कोणाला जाऊ देईनात. मला फक्त गोकर्णीची फुलं आणायला पिटाळायचे. पाटीभर फुलं झाली तरी "आनखी" म्हणायचे. वैशाखाचा कडाका. विहीर तळाला गेलेली, पाणी कोमट. पिठाचा डबा वर आला तो गेला तसाच गरम. गोठ्यातून मामांचा आवाज यायचा, "पसरू नगंस! पसरू नगंस!" आणि मामी बाहेर देवाला हात जोडायची.

लग्नाच्या दिवशी दुपार कलल्यावर वाजतगाजत रुखवत जानवशाला नेलं. मुहूर्त गोरजाचा. मधल्या परातीवर शेला झाकलेला, आणि ती परात मामांनी दुसऱ्या कोणाच्या हातात दिली नाही. बाप्यानं रुखवत उचललेलं बघून बायका पदराआड हसत होत्या. वऱ्हाडाच्या पुढ्यात परात ठेवली. आमच्या बायकांनी सूर लावला,

"रुखवत आलं दारी, वरती टाकला शेला,
इहीणबाई जपून उघडा, करणाऱ्याचा जीव त्यात गेला!"

शेला निघाला. भोवतीनं मेंढ्या, बैल, उसाची कांडी, आणि मधोमध वीतभर लांबीचं एक पाखरू. गळा निळा, पाठीमागं हिरव्या-निळ्या ठिपक्यांचा पसारा. मामा गुडघ्यावर हात टेकून पुढं वाकले आणि सवयीनं म्हणाले, "वळखा पाव्हणं!"

आबांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "मोर हाय."

मी मामांचा चेहरा कधी विसरणार नाही. उभ्या हयातीत पहिल्यांदा कोणीतरी, न अडखळता, पहिल्या बोलीत त्यांचं जनावर ओळखलं होतं. मिशा थरथरल्या. डोळे भरून आले. ते आबांना मिठी मारतील असं मला वाटलं. तेवढ्यात आबा पुढचं बोलले.

"आमचं देवक मोराचं पीस. ठावं हाय न्हवं तुमास्नी? आन ते आमच्या पोरानं हातानं फोडून दातानं खायाचं?"

वाजंत्री थांबली. देवक म्हणजे कुळाचं राखण. ज्याचं जे देवक, ते त्यानं तोडायचं नाही, मारायचं नाही, मग खाणं तर दूरच. हे शेंबड्या पोराला ठाऊक, मामांनाही ठाऊक होतं. म्हणून तर मोर केला. पाहुण्यांच्या देवकाचा मान करायचा म्हणून आठवडाभर घाम गाळला. मोर मांडायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. मांडलेलं लोक खातात, हे त्यांना सुचलंच नाही. आपल्या कलेच्या नादात माणूस खाणं विसरतो, असा बिस्कुटवाला मी तरी दुसरा बघितला नाही.

"उठा रं," आबा आपल्या माणसांना म्हणाले. "बैल जुपा." नवरदेव खाली मान घालून बसला होता, तो हलला नाही, पण चुलत्यापुढं बोलायची त्याची छाती नव्हती. मामी पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली. दिवस खाली चालला होता.

तेवढ्यात कोपऱ्यातून नवरदेवाची आजी पुढं आली. म्हातारी कमरेत वाकलेली, तोंडात दात नाही. परातीवर ओणवी झाली, खूप वेळ बघत राहिली.

"आरं कसला मोर? कोंबडी हाय ही."

"आये, निळी कोंबडी आसती व्हय?" आबा म्हणाले.

"ज्यानं केली त्येला इचार की. तू कशाला भांडतुस?"

सगळं जानवसघर मामांच्याकडं वळलं. मी त्यांच्या मागंच उभा होतो. मला त्यांच्या मानेची शीर उडताना दिसत होती. ज्या माणसानं पाय नसलेली मेंढी कधी मागं घेतली नाही, ज्यानं हरणापायी शेजार तोडला, तो आता काय बोलणार? मी मनातल्या मनात खंडोबाला नवस बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही, पण फेडला असणार.

"बोला, पाव्हणं," आबा म्हणाले. "मोर का कोंबडी?"

मामांनी एकदा मोराकडं बघितलं. मग आपल्या घराच्या दिशेला, जिथं हळद लावलेली हौसा पाटावर बसून वाट बघत होती.

"कोंबडी," ते म्हणाले. आवाज असा आला की जणू विहिरीतून.

"मग निळी कशी?"

"रंग बिघाडला."

"आन मागं हे एवढं काय?"

"शेपूट. भट्टीत पसरलं." मग सगळा जीव गोळा करून म्हणाले, "आमास्नी मोर जमत न्हाय, आबा."

आबांनी परातीकडं पुन्हा बघितलं. "कोंबडीच आसंल तर फोडू द्या पोराला."

"थांब," म्हातारी म्हणाली. "वराची आजी हाय मी. मधला मान माजा. दात न्हाईत, सावकाश चगळीन." आणि कोणी काही बोलायच्या आत तिनं ते पाखरू दोन्ही हातांनी अलगद उचलून पदरात गुंडाळलं. "पोराला बैल दे."

नवरदेवानं बैल घेतला आणि शेपटाकडून फोडला. तेवढ्या घाईतही मामांच्या तोंडून "शाब्बास" निघून गेलं. आबांनी एक मेंढी चाखली, दुसरी घेतली, तिसरी खिशात घातली. वाजंत्री वाजली. माझा जीव जो भांड्यात पडला तो आजही आठवला की हलकं वाटतं. गोरजावर अक्षता पडल्या तेव्हा मामी रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम. मांडवात जो तो म्हणत होता, सुटलो बाबा एकदाचे.

सुटले नाहीत ते मामा. हौसा नांदायला गेली, सुखात होती, त्याचा आनंद त्यांना होताच. पण एक सल राहिला. लाटता लाटता मधेच थांबायचे. "त्या म्हातारीनं माजा मोर कोंबडी म्हून खाल्ला, जावईबापू." मेंढ्या करायचे, बैल करायचे. पाखरू म्हणून पुन्हा केलं नाही.

लेकीला मूल होईस्तवर बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, म्हणून मामा अंथुर्ण्याला पहिल्यांदा गेले ते नातवाच्या बारशाला. गाडी मी हाकत होतो. जेवणं झाली, नातवाला मांडीवर घेऊन झालं. मग म्हातारीनं मामांना हाक मारली, "याही, देवाच्या पाया पडून घ्या." आम्ही दोघं आत गेलो. देव्हाऱ्यात चांदीचे टाक, एक समई, आणि टाकांच्या मागं, भिंतीला टेकून उभं केलेलं ते पाखरू. निळा पार उडाला होता. पिसाऱ्याची एक कड मुंग्यांनी नेली होती. बाकीच्यावर हळदकुंकू वाहिलेलं, रोजचं, थरावर थर.

म्हातारीनं समईची वात पुढं केली आणि बाहेर गेली. मामा वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

परतीला कालव्याच्या पुलावर गाडी आली, पाण्यावर ऊन तिरपं पडलं होतं. तिथं मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पिसारा जरा पसरलाच हुता, जावईबापू."

आपल्या हातच्या जनावराची त्यांनी आपणहून काढलेली तेवढी एकच खोट. "व्हय मामा, जरासा," असं म्हणणं सोपं होतं. पण मला ते जमलं नाही. मी बैलांना नुसतं "हं" म्हटलं आणि गाडी हळू चालू दिली.