आत्याबाईंचा मका आणि माझी बॉटनी

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बी.एस्सी. करून मी घनसावंगीजवळच्या एका गावात सून म्हणून आले. माझ्या डिग्रीचा सासरी एकच उपयोग होता, पाहुण्यांना सांगायला.

त्या साली मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, शेतातला खोलगट तुकडा आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, दिला. "पेर तुझ्या मनानं. न्हाई जमलं तर पुढच्या साली तिथं कपाशी." आत्याबाईंना जन्मात पहिल्यांदा आपल्या मनाचं पेरायला मिळालं होतं! त्यांनी मका लावला. तो गुडघ्याला लागतोय तोच पावसानं असं झोडपलं, की तुकड्याचं तळं झालं.

मक्याची ताटं कलली, पानं पिवळी पडली. आत्याबाई लुगडं खोचून पाण्यात शिरल्या आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे एकेक ताट उभं करून बुडाशी पायानं चिखल दाबू लागल्या.

"आत्याबाई, बाहेर या!" मी बांधावरून ओरडले. "मुळांना आधीच हवा न्हाई, अन् तुम्ही त्यांचा गळा दाबून राह्यल्या!"

"मक्याला गळा असतो व्हय?" बांधावर बसलेले मामा हसले. "हेच शिकवलं का कालेजात?"

अस्सा राग आला! मी बांधावरच तास घेतला. "सरपण भिजलं तर पुरणाचा घाट घालतं का कुणी? पिठलं-भाकरीवर भागवतो. तसंच हे. हवा तुटली की मुळं रोजची प्रथिनं बनवणं थांबवतात, जीव तगवणारी तेवढी मोजकी बनवतात. बाकीची कशी बनवायची त्याचे निरोप पेशीत असतात, ते फेकत न्हाईत, जपून ठेवतात. हवा मिळाली की लगेच चूल पेटते. पण मुळं लई दिवस तग धरत न्हाईत. पाणी काढा, जल्दी!"

मामा पुटपुटत उठले, पण फावडं त्यांनीच उचललं. सगळ्यांनी मिळून पाणी वाहून जायला चारी खांदली. पाणी उतरेपर्यंत आत्याबाईंना मी बांधावर बसवून ठेवलं. "अगं, तो बघ, पडायला आलाय," असं त्यांचं चालूच होतं. थोडी ताटं गेली. बाकीची चार-सहा दिवसांत हिरवी झाली.

कणसं भाजली त्या दिवशी मामांनी आत्याबाईंना सहज विचारलं, "पुढच्या साली काय पेरशील तिथं?"

"मधी भुईमूग, बांधाला भेंडी, कडंनं झेंडू, अन् कोपऱ्यात एक लिंबोणी."

"आं! इतक्या जल्दी सुचलं?"

"सुचलं कुठं?" आत्याबाई कणीस फिरवत म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवापासून मनात जपून ठिवलेलं हाय."