मिरजगावला समुद्र दाखवणारे गनीभाई

गनीभाईंची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. हे त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहावं की नाही, असं संपादकांना विचारलं, तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही लिहिणारच, मग विचारता कशाला?" म्हणून लिहिते.

मी तेव्हा मिरजगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. वडिलांचं जुनं मनगटी घड्याळ बंद पडलं, म्हणून नगरला कापड बाजारातल्या गनीभाईंच्या दुकानात दुरुस्तीला टाकलं. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि काचेचं एक कपाट. घड्याळजी आतले चांगले पार्ट काढून घेतात, असं तेव्हा सगळेच म्हणायचे आणि मीही ते खरं धरून चालले होते. घड्याळ परत घेताना मी चारचौघांत विचारलं, "आतलं सगळं आमचंच आहे ना?" दुकानातली माणसं वळून बघायला लागली. गनीभाईंनी झाकण उघडलं, डोळ्याला लावायचं भिंग माझ्या हातात दिलं आणि एक बारीक सुई पुढे केली. म्हणाले, "झाकणाच्या आत तुमच्या नावाचं अक्षर कोरा, बाई. पुढच्या वेळी शंका नको." मी खरंच कोरलं. आज आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण तेव्हा मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

त्या वेळी गनीभाई तिशीचे होते. बारा-तेरा वर्षांचे असल्यापासून भिंग लावून काम केल्यामुळे त्यांचा उजवा डोळा अधू होत चालला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे बारीक काम कमी करा, नाहीतर डोळा जाईल. पण काम कमी करायचं तर घर कसं चालायचं? तेवढ्यात एका परदेशी कंपनीच्या भारी घड्याळांची एजन्सी त्यांच्याकडे चालून आली. आता टेबल सोडून काउंटरवर बसायचं, दुरुस्तीऐवजी विक्री करायची. रझियाभाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, तेव्हा पीरसाहेबांच्या दर्ग्यावर चादर चढवली होती. त्या एजन्सीवर त्या घराचं काय काय अवलंबून होतं, हे एवढ्यावरून कळेल.

कंपनीचं घड्याळ खोल पाण्यात बुड्या मारणाऱ्या पाणबुड्यांचं. समुद्राच्या तळाशी नेलं तरी आत थेंब जायचा नाही, अशी त्याची ख्याती. ते काचेच्या भांड्यात, स्वच्छ पाण्यात बुडवून दर्शनी ठेवायचं आणि पाणी रोज बदलायचं, अशी कंपनीची अट होती. साल बहात्तरच्या दुष्काळाचं. शहरात नळाला दिवसाआड पाणी, आणि कापड बाजारात येणारा-जाणारा घड्याळाऐवजी त्या पाण्याकडेच बघत उभा राहायचा. गनीभाई रोज संध्याकाळी ते भांडं उचलून समोरच्या टांगेवाल्याच्या घोड्यापुढे धरायचे. कंपनीची अट पाणी बदलण्याची होती, ओतून देण्याची नव्हती, असं ते म्हणायचे.

कंपनीने समुद्र वाचवण्याच्या कामाला हातभार म्हणून एक माहितीपट काढला होता आणि तो गावोगावच्या एजंटांनी बड्या गिऱ्हाइकांना दाखवायचा होता. नगरच्या एका सभागृहात निवडक लोकांना बोलावणं गेलं. वकील, डॉक्टर, कारखान्यांची माणसं. मी त्या यादीत असण्याचं काही कारण नव्हतं. "विज्ञानाच्या बाई आहेत, त्यांनी बघायला पाहिजे," म्हणून गनीभाईंनी मला आठवणीने पास पाठवला.

मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. पडद्यावर पाणी आलं आणि मला श्वास घ्यायचं सुचेना. माशांचे थवे, जिवंत पोवळ्यांची बेटं, आणि मग माणसांनी समुद्रात सोडलेलं काळं तेल, त्यात माखलेला एक पांढरा पक्षी. कार्यक्रम संपल्यावर पाहुणे चहाकडे आणि घड्याळाकडे वळले. मी गनीभाईंना गाठलं आणि म्हटलं, "हे माझ्या पोरांनी बघितलं पाहिजे."

फिल्मची पेटी दुसऱ्या दिवशी मुंबईला परत जायची होती. दुसरीकडे कुठेही दाखवायची नाही, असं लेखी होतं. ते त्यांनी मला सांगितलंही. मी म्हटलं, "माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडताहेत. भरलेली विहीरसुद्धा त्यांनी वर्षभरात पाहिलेली नाही. तुमच्या त्या वकिलांना समुद्राचं काय कौतुक?" मी जरा जास्तच बोलले. गनीभाईंनी फिल्मच्या पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "पेटी एक दिवस उशिरा पोचली म्हणून समुद्र काही आटत नाही. उद्या दुपारी येतो."

दुसऱ्या दिवशी ते एसटीने आले. प्रोजेक्टरचं मशीन टपावर बांधलेलं आणि फिल्मची पेटी मांडीवर. आम्ही शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि भिंतीवर धोतर ताणलं. पोरं आली, त्यांच्या मागून कामाची दुपारची सुट्टी झालेले आईबापही आले. पडद्यावरचं इंग्रजी मी मराठीत सांगत होते. तो काळा झालेला पक्षी आला, तेव्हा मागून एक बाई कळवळून म्हणाली, "आगं बया, धुवा की कुनी त्येला." त्या बाईच्या घरी त्या आठवड्यात अंघोळीला पाणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. 

संपल्यावर एक म्हातारबाबा उठले. "येवडं पानी हाय, आन् पिता येत न्हाई म्हन्ता. मंग त्येला वाचवायचं कशापायी?"

मी बाष्पीभवन वगैरे सांगायला तोंड उघडलं, तोवर गनीभाई म्हणाले, "बाबा, आपला पाऊस तिथूनच निघतो."

म्हातारबाबांनी जरा विचार केला. "व्हय? मंग जपा म्हनावं त्येला. आमचं नाव सांगा." आणि टोपी नीट करून ते कामावर गेले.

आता माझी करामत सांगते. शिस्त म्हणजे शिस्त. कुणी काही दिलं तर आभार मानावेत, हे मी पोरांना नेहमी शिकवायचे. पेटीवर कंपनीच्या मुंबईच्या कचेरीचा पत्ता होता. तो मी फळ्यावर लिहिला आणि वर्गातल्या सगळ्यांकडून पत्रं लिहून घेतली. "गनीभाईंनी आमच्या शाळेत येऊन आम्हांला तुमचा समुद्र दाखवला," अशी प्रत्येक पत्राची सुरुवात. चाळीसेक पत्रं मी स्वतः पोस्टात नेऊन टाकली.

महिन्याभरात उत्तरं आली. एकेका मुलाच्या नावाने वेगळं कार्ड, मराठीत, खाली 'आपली, घड्याळ कंपनी'. मासे झोपतात का, असं एकाने विचारलं होतं. त्याला उत्तर होतं, "झोपतात, पण डोळे उघडे ठेवून. तू मात्र मिटून झोप." समुद्रात विहीर असते का, असं एका मुलीने विचारलं होतं. तिला लिहिलं होतं, "आम्हांला माहीत नाही. तू मोठी झाल्यावर शोध आणि कळव." माझा ऊर भरून आला. ती सगळी कार्डं घेऊन मी नगरला गेले आणि गनीभाईंपुढे ठेवली. म्हटलं, "बघा, मोठी माणसं कशी असतात. नाहीतर आपल्याकडचे लोक." त्यांनी प्रत्येक कार्ड सावकाश वाचलं आणि म्हणाले, "अक्षर बरं आहे."

दर्शनी भागात ते काचेचं भांडं दिसलं नाही, म्हणून मी चौकशी केली. "पाणी बघून लोकांना तहान लागायची," असं ते म्हणाले आणि भिंग लावून पुन्हा कामाला लागले.

त्यानंतरची पंचेचाळीस वर्षं आपणा सर्वांना माहीत आहेत. पारनेरपासून नेवाशापर्यंत किती शाळांची घड्याळं त्यांनी चालती ठेवली, भाड्याचं मशीन घेऊन आम्ही दोघांनी किती गावांत विज्ञानाच्या फिल्म दाखवल्या, यावर इतरांनी लिहिलं आहेच. त्यांचा उजवा डोळा गेला, हेही सर्वांना माहीत आहे. तो का गेला, ते मात्र मला अनेक वर्षांनी एका ईदला रझियाभाभींकडून कळलं. शीरखुर्म्याची वाटी हातात देताना त्या सहज हसून म्हणाल्या, "बाई, तुमच्या त्या पत्रांनी आमची एजन्सी घालवली." कंपनीने एजन्सी रद्द केल्याच्या कागदासोबत पोरांच्या पत्रांचा गठ्ठा पुरावा म्हणून परत धाडला होता. गनीभाईंनी दोन दिवस दुकान बंद ठेवलं आणि एकेका पत्राला उत्तर लिहिलं. नगरचा शिक्का बसू नये म्हणून ती कार्डं मुंबईला जाणाऱ्या मेव्हण्याकडे तिथल्या पोस्टात टाकायला दिली.

मी वाटी तशीच ठेवली आणि बाहेर जाऊन गनीभाईंवर ओरडले. मला का सांगितलं नाही, म्हणून. ते एवढंच म्हणाले, "पोरांनी एवढ्या आशेनं लिहिलेलं. उत्तर नको जायला?"

माफी मागायची सोडून मी रागावून परत आले. माझा स्वभावच तसा. नंतर भेटी शेकडो झाल्या, पण तो विषय मी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही.

गनीभाई, तुम्ही आज पंचाहत्तर पूर्ण करताय आणि मीही सत्तरी ओलांडली आहे, म्हणून सगळ्यांच्या देखत लिहिते. माझं चुकलं. तुमचा डोळा माझ्या शिस्तीपायी गेला. मला माफ करा. या पत्राचं उत्तर मात्र लगेच लिहायचं नाही. आधी रझियाभाभींच्या हातचं खाऊन तब्येत धरा, उरलेला डोळा जपा आणि शंभरी गाठल्यावर निवांत लिहायला बसा. शिक्का कुठला का असेना, अक्षर मी ओळखीन.